बिनआगीचं घर

घर बांधायला काढलं तेव्हा सूनबाईने पाया खणण्याआधी अंगणात तीन भोकं पाडून घेतली आणि गल्लीला महिनाभर पुरेल इतका विषय मिळाला. एकेक भोक तीनशे फूट खोल. बोअरचं यंत्र चार दिवस धडधडत होतं, चिखल रस्त्यापर्यंत आला होता, आणि येणारा-जाणारा थांबून विचारत होता, "पाणी लागलं का?"

"पाण्यासाठी नाहीच खणत," सूनबाई म्हणायची.

"मग कशासाठी?"

"ऊब काढायचीय खालून."

विचारणारा गंभीरपणे मान डोलवायचा आणि पुढच्या कोपऱ्यावर जाऊन सांगायचा की बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. सूनबाईला ते कळायचं. ती पेशाने प्लंबर. अठरा वर्षं लोकांचे गळके नळ आणि तुंबलेले पाइप दुरुस्त केलेली बाई, तिला लोकांच्या बोलण्याचं काय! तोंडाला तोटी नसते, ती बंद कशी करणार, असं ती नवऱ्याला म्हणायची. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. पृथ्वीच्या पोटातलं त्याला सगळं पाठ होतं, पण स्वतःच्या अंगणात तीनशे फूट खाली जायचं म्हटल्यावर त्याच्याही तोंडचं पाणी पळालं होतं.

गोष्ट तशी सोपी होती. जमिनीत खोलवर उन्हाळा-हिवाळा काही पोचत नाही. वर माणसं घामाने भिजोत की थंडीने कुडकुडोत, खाली बारा महिने हवा एकच. त्या भोकांत काळे पाइप सोडायचे, त्यांतून न गोठणारं पाणी फिरवायचं. ते खालची थोडी ऊब घेऊन वर येतं. जिन्याखालच्या खोलीतलं मशीन ती ऊब त्यातून काढून घेतं, वाढवतं आणि फरशीखालच्या नळ्यांत सोडतं. फ्रीज आतली ऊब काढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो, तेच काम. उन्हाळ्यात सगळं उलटं फिरवायचं, म्हणजे घरातली गरमी जमिनीत जाते. शिवाय भिंतींच्या आत वीतभर जाडीचा लोकरीसारखा थर, खिडक्यांना तिहेरी काचा, आणि दारांच्या फटी सूनबाईने स्वतः गुडघ्यांवर बसून एकेक करून बुजवलेल्या.

ही सगळी हौस नव्हती. हे सगळं सासऱ्यांसाठी होतं.

सासरे अडतीस वर्षं कागद कारखान्यात बॉयलरवर होते. कोळशाचा धूर छातीत जाऊन बसला तो बसलाच. जुन्या घरात कोळशाची शेगडी, त्यामुळे हिवाळ्यात एक तर धूर खा नाही तर थंडी खा. मागच्या दोन हिवाळ्यांत दोनदा दवाखाना झाला. डॉक्टरांनी शेवटी बजावलं, "घरात धूर अजिबात नको. आणि खोली वीस अंशांच्या खाली जाता कामा नये. तिसऱ्यांदा आणलंत तर माझ्याकडे उपाय नाही."

सूनबाईचा जीव सासऱ्यांवर का होता, हेही सांगायला हवं. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा तिने शिवणकाम शिकावं असं सगळ्यांचं ठरत होतं. तिला मात्र पाइप आवडायचे. कोणाला सांगायची सोय नव्हती. सासऱ्यांनी एक दिवस तिला गळका नळ काढताना पाहिलं, आत गेले आणि आपला जुना पाना आणून तिच्या हातात ठेवला. मग पाइपाला आटे कसे पाडायचे, गळणारा जोड कान लावून कसा ओळखायचा, सगळं त्यांनी शिकवलं. आज तिच्या गाडीवर तिचं नाव रंगवलेलं आहे ते त्या पान्यामुळे.

पण सासऱ्यांना एक मुलगीही होती. सूनबाईची ही नणंद, ताई, बापावर आरडाओरडा करूनच प्रेम करायची. तिने आपल्या गावातल्या एका वृद्धाश्रमात खोली बघून ठेवली होती. नर्स, लिफ्ट, गरम पाणी, सगळं. "तुझ्या त्या भोकांच्या भरवशावर मी बाबांना सोडू?" ती फोनवर म्हणाली. "एक महिना देते. कडक थंडीचा. त्यात घर एकदा जरी विसाच्या खाली गेलं, तर बाबा माझ्याबरोबर येतील."

"हातच्या काकणाला आरसा कशाला, ताई? महिना संपला की या आणि बघा," सूनबाई म्हणाली.

सासरे नव्या घरात आले ते कोट आणि टोपी घालून, आणि पहिला आठवडा त्यांनी ती काढलीच नाही. थंडी वाजत नव्हती. पण ऊब कुठून येते ते दिसत नव्हतं, आणि न दिसणाऱ्या गोष्टीवर त्यांनी जन्मात विश्वास ठेवला नव्हता.

"आग कुठाय?" ते विचारायचे.

"आग नाही, बाबा."

"मग गरम कसं होतंय?"

"खालून येतं. तुम्ही नका काळजी करू. आता काही करायचं नाही तुम्ही. आरामात बसा."

सासरे बसायचे. फरशीवर तळहात ठेवून बघायचे, भिंतीला कान लावायचे, पुन्हा बसायचे. ज्या माणसाने अडतीस वर्षं अख्ख्या कारखान्याची वाफ सांभाळली, त्याला 'काही करू नका' म्हणणं ही शिक्षा असते, हे सूनबाईच्या लक्षात आलं नाही. तिने ते प्रेमाने म्हटलं होतं.

तीन आठवडे घर एकवीस अंशांवरून तसूभर हललं नाही. सासऱ्यांचा खोकला ओसरला. टोपी गेली, मग कोटही गेला. आणि मग शेवटच्या आठवड्यात अशी थंडी पडली की रस्त्यावरच्या गाड्यांची दारं उघडेनात. शनिवारी पारा उणे चौदावर गेला. रविवारी ताई यायची होती.

रविवारी साडेआठला सूनबाई जिन्याखालच्या खोलीत गेली आणि दारातच थबकली. मशीनची गुणगुण बंद होती. वर लाल दिवा. खाली छोट्या पडद्यावर लिहिलं होतं, 'प्रवाह कमी'. आणि वेळ: पहाटे पाच वाजून पस्तीस मिनिटं. म्हणजे तीन तास घर नुसतंच उभं होतं.

तिने दिवाणखान्यातला थर्मामीटर पाहिला. वीस पूर्णांक सहा.

"काय झालं गं?" नवऱ्याने विचारलं.

"काही नाही. तू ताईंना फोन कर आणि सांग, बाराच्या आत येऊ नका."

"मी?" नवरा म्हणाला. बहिणीला तो लहानपणापासून घाबरायचा. त्याने फोन हातात घेतला, बराच वेळ त्याकडे पाहिलं, आणि मग चहा टाकायला गेला.

सूनबाईने बाह्या सरसावल्या. प्रवाह कमी, म्हणजे गाळणीची जाळी तुंबली असेल. तिने जाळी उघडली; स्वच्छ. मग हवा अडकली असेल. हवा सोडली, दोन थेंब आले, हवा नाहीच. मग पंप. पंप काढला, हाताने फिरवला, पुन्हा बसवला. मशीन चालू केलं, ते अर्धा मिनिट घरघरलं आणि पुन्हा लाल दिवा लावून बसलं. तिचे कान तापले. लोकांच्या घरात असं झालं असतं तर ती शीळ घालत काम करत बसली असती. इथे मात्र प्रत्येक मिनिटाला तिला वृद्धाश्रमाची ती खोली दिसत होती, तिच्या खिडकीत बसलेले सासरे दिसत होते, आणि पाना हातातून निसटत होता.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. दहा वाजले होते. ताईला फोन गेलाच नव्हता; ती बाराच्या दोन तास आधीच आली होती.

ताईबरोबर तिचा नवरा होता. त्याला सगळे जावईबापू म्हणत. त्याचं हिटर आणि पंख्यांचं दुकान होतं, त्यामुळे हवामानाचा आपल्याला परवाना मिळालाय अशा थाटात तो बोलायचा. त्याने एक भलंमोठं खोकं आणलं होतं आणि ते दारात अडकलं. आडवं धरलं, उभं धरलं, तिरकं धरलं. तेवढा वेळ दार सताड उघडं. दुष्काळात तेरावा महिना तो असा.

"दार लावा हो!" सूनबाई आतून ओरडली.

"हिटर आणलाय, सूनबाई," जावईबापू म्हणाला. "आपल्याकडचा सगळ्यात मोठा. लागेल तुम्हाला." खोकं ठेवून त्याने खिशातून स्वतःचा थर्मामीटर काढला. "घरच्या थर्मामीटरवर कसा विश्वास ठेवायचा? नाही म्हणजे, माणसं चांगली आहेत, पण यंत्र ते यंत्र." त्याने तो टेबलावर ठेवला आणि चष्मा लावून समोर बसला. "वीस पूर्णांक दोन. उतरतंय."

"मशीन चालू आहे ना?" ताईने विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. सूनबाईच्या जिभेवर आलंही होतं. "बंद पडलंय," ती म्हणाली. "बघतेय मी."

ताई ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती सरळ सासऱ्यांच्या खोलीत गेली आणि कपाट उघडल्याचा आवाज आला. सासरे पलंगावर बसून होते. मुलगी सदरे बॅगेत भरत होती आणि ते एकेका सदऱ्याकडे बघत होते.

सूनबाई पुन्हा जिन्याखाली गेली आणि फरशीवर बसली. रडू येत होतं, राग येत होता, दोन्ही एकदम. मग तिने सासऱ्यांनीच शिकवलेली गोष्ट केली: डोकं चालेना की हात लाव. अंगणातून येणारे सहा पाइप, तीन जोड्या, गरम पाण्याच्या टाकीच्या मागून वर येत होते. तिने पालथा हात पहिल्या जोडीला लावला. थंडगार, असायलाच हवी, मघाशीच तिच्यातून पाणी फिरलं होतं. दुसरी जोडी.

कोमट.

तिसरीही कोमट, खोलीइतकीच.

हे पाइप कोमट असूच शकत नव्हते. कोमट म्हणजे त्यांतून काहीच वाहत नव्हतं. तिने टॉर्च घेतला, पोटावर आडवी झाली आणि टाकीमागे डोकं घातलं. दोन व्हॉल्व्हच्या दांड्या आडव्या फिरवलेल्या होत्या. बंद. उन्हाळ्यात तिने स्वतः उघडून ठेवले होते, म्हणून तिकडे बघायचं तिला सुचलंच नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि दोन्ही दांड्यांवर लाल कापडाची एकेक चिंधी बांधलेली होती, घट्ट, दुहेरी गाठीची.

ती गाठ तिला पाठ होती. बॉयलरवर काम करणारा माणूस व्हॉल्व्ह मुद्दाम बंद करतो तेव्हा त्यावर चिंधी बांधतो. पुढच्या पाळीच्या माणसाला त्याचा अर्थ कळतो: हा विसरून बंद राहिलेला नाही. आणि नियम असा की ज्याने बांधली त्यानेच सोडायची. दुसऱ्या कोणीही हात लावायचा नाही, मग तो साहेब का असेना. हा नियम तिला सासऱ्यांनीच शिकवला होता, पानाही नीट धरता येत नव्हता तेव्हा.

तिचा हात दांडीपर्यंत गेला होता. एक झटका, आणि मशीन चालू झालं असतं. कोणाला काही कळलंही नसतं. वर मिनिटामिनिटाला पारा उतरत होता. सूनबाईने हात मागे घेतला, उठली आणि दारातून हाक मारली, "बाबा, जरा खाली येता का? एकटेच या."

सासरे वाकून आत आले. तिने टॉर्चचा उजेड टाकला. "ही चिंधी तुमची?"

"माझीच!" सासऱ्यांचा चेहरा उजळला. "दिसली का तुला? मी रोज पहाटे फेरी मारतो. जुनी सवय. सगळे पाइप हात लावून बघतो. मशीनचे पाइप गरम, फरशीचे गरम, आणि हे सहा मात्र बर्फ! म्हटलं, सूनबाई दिवसभर लोकांची कामं करते, तिच्या नजरेतून सुटलं असेल. बाहेरची सगळी थंडी इथूनच घरात येतेय. बॉयलरवर थंड पाइप उघडा ठेवला तर फोरमन कानाखाली वाजवायचा. म्हणून काल एक जोडी बंद केली, आज पहाटे दुसरी. आज ताई येणार होती ना. म्हटलं, घर जरा जास्तच गरम झालेलं दिसू दे तिला." मग आवाज खाली गेला. "मला नाही गं जायचं तिकडे."

तासाभरापूर्वी हे करणारा माणूस सापडला असता तर तिने त्याला फाडून खाल्लं असतं. आता तिला स्वतःचाच राग आला. महिनाभर ती या माणसाला बसा म्हणत होती, आणि मशीन एकदाही दाखवलं नव्हतं. बॉयलरवर आयुष्य काढलेल्या माणसाला!

"बाबा, चुकलं माझं," ती म्हणाली. "इकडे या. हात द्या." तिने त्यांचा हात पहिल्या जोडीच्या वरच्या पाइपावर ठेवला. "हा जमिनीतून येतो. आणि हा परत जमिनीत जातो. कुठला जास्त थंड आहे?"

सासऱ्यांनी डोळे मिटले. एका पाइपावरून दुसऱ्यावर, पुन्हा पहिल्यावर. "जाणारा."

"मधे काय आहे?"

"मशीन." ते थांबले. सूनबाईने पुढे काही सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. सासऱ्यांच्या कपाळावरची आठी हळूहळू सुटत गेली. "म्हणजे येताना त्याच्याकडे होतं ते मशीनने काढून घेतलं. म्हणून ते जाताना जास्त गार. गार आहे म्हणजे काम चाललंय!" ते मोठ्याने हसले. "आणि मी त्याचा गळा आवळला! करायला गेलो एक आणि झालं भलतंच! अगं, मग उघड ना, बघतेस काय?"

"चिंधी तुमची आहे."

सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग ते गुडघ्यांवर बसले, टाकीमागे हात घातला आणि दोन्ही गाठी सोडल्या. पहिला व्हॉल्व्ह त्यांनी एकदम उघडला नाही. दांडी थोडीशी फिरवली, थांबले, पाइपाला कान लावला. "हवा आहे आत. सोड." सूनबाईने हवा सोडली, यावेळी फुसकन निघाली. दांडी आणखी थोडी फिरवली. दुसऱ्याचंही तसंच. "आता लाव."

तिने बटण दाबलं. मशीन घरघरलं. अर्धा मिनिट गेलं, एक मिनिट गेलं. लाल दिवा विझला, हिरवा लागला आणि खोलीत ती ओळखीची गुणगुण भरली. सूनबाईने सासऱ्यांच्या पाठीवर अशी थाप मारली की जणू एखाद्या सहकाऱ्यालाच मारतेय. एवढं हसूनही त्यांना खोकला आला नव्हता, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं.

वर जावईबापूने हिटर खोक्यातून काढला होता आणि तो वायर घेऊन प्लग शोधत होता. "वीस पूर्णांक शून्य," त्याने जाहीर केलं. "आता एकोणीस लागणार."

"बस खाली," सासरे म्हणाले. कारखान्यातला आवाज होता तो. जावईबापू वायर हातात घेऊन बसला. ताई बॅग धरून दारात आली. "मशीन मी बंद पाडलं. चूक माझी. थंड पाइप दिसले, बंद केले."

"बाबा!" ताई घाबरली. "तुम्हाला आता हे समजेनासं झालंय का?"

"मला सगळं समजतं. कोणी सांगितलं नव्हतं, आता सांगितलंय. आणि तुला जे समजलं नाही ते मी सांगतो. मशीन कधी बंद पडलं?"

"पाच पस्तीसला," सूनबाई म्हणाली.

"आणि आता वाजले अकरा. साडेपाच तास. बाहेर उणे चौदा, घरात कुठे काडीही पेटलेली नाही, त्यात या गृहस्थांनी दार उघडं ठेवून खोक्याची मिरवणूक काढली. आणि घर किती उतरलं? एक अंश!" सासऱ्यांनी एक बोट वर केलं. "जावईबापू, मागच्या वर्षी तुमच्याकडे सकाळी वीज गेली होती. काय झालं होतं?"

जावईबापूने चष्मा पुसला. "दोन तासांत नळातलं पाणी गोठलं," तो पुटपुटला.

"मोठ्याने."

"गोठलं म्हटलं ना!"

भूगोलाच्या मास्तरला इतका वेळ आवरून धरलेलं हसू फुटलं आणि चहाची बशी हिंदकळली. ताईने नवऱ्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, आणि मग खाली वाकून फरशीला हात लावला. तिने तो तिथेच ठेवला. फरशी अजून गार नव्हती. बापाच्या कपाळावर ताप बघताना ठेवते तसा तिने हात ठेवला होता.

थर्मामीटर बराच वेळ विसावर अडून राहिला. सगळे त्याच्याभोवती बसले. सूनबाईला माहीत होतं की जाड फरशी तापायला वेळ घेते, पण माहीत असणं आणि बघत बसणं यात फरक असतो. तिने सासऱ्यांकडे पाहिलं. ते थर्मामीटरकडे बघतच नव्हते. अनवाणी पाय फरशीवर टेकवून ते स्वस्थ बसले होते. त्यांना आधीच कळलं होतं.

"वीस पूर्णांक एक," जावईबापू म्हणाला. मग स्वतःच्याच थर्मामीटरवर रागावल्यासारखा तो वाकला. "दोन!"

सूनबाई ओरडली. खरं तर काय ओरडली ते तिलाही कळलं नाही. नवऱ्याने तिला मिठी मारली, बहिणीसमोर, आयुष्यात पहिल्यांदा.

ताई उठली. बॅग घेऊन ती बापाच्या खोलीत गेली आणि कपाटाचं दार पुन्हा वाजलं. ती बाहेर आली तेव्हा बॅग रिकामी होती आणि कानाला फोन होता.

"हो, त्या खोलीबद्दलच बोलतेय. नको आता आम्हाला," ती सांगत होती. आवाज नेहमीसारखा चढा होता, पण डोळे भरले होते. "नाही, नाही, तब्येत ठणठणीत आहे. तसं काही नाही." तिने बापाकडे पाहिलं. ते एव्हाना सूनबाईबरोबर जिन्याखालच्या खोलीकडे निघाले होते, पुढे ते आणि मागे ती, पहिली जोडी किती उघडी ठेवायची यावर दोघांचं भांडण चाललं होतं. "अहो, काय सांगू," ताई फोनवर म्हणाली, "त्यांना नोकरी लागलीय."